आकडा बोटावर, रोगी खाटेवर

कोरोनाच्या काळात मराठवाड्यातल्या खेड्यांना एका नव्या यंत्राची ओळख झाली. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि घरोघरी फिरणाऱ्या पथकांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. तेव्हापासून दम लागलेल्या माणसाबद्दलचा पहिला प्रश्न ठरून गेला आहे: "ऑक्सिजन किती?" ९६ आला की घरचे निर्धास्त होतात, ९० आला की गाडी शोधू लागतात. ज्यांना सीटी स्कॅन परवडला त्यांनी 'स्कोअर किती?' हा आणखी एक प्रश्न शिकून घेतला. रोगी मात्र दोन्ही प्रश्नांत कुठेच नाही.

यामागे एक सार्वत्रिक समज आहे. खाटेशेजारी बसून रोगी तपासणे ही यंत्रे नव्हती तेव्हाची सोय होती; यंत्रे आली की तिचे काम संपले, आणि जिथे ती पोहोचली नाहीत तिथे ती नाइलाज म्हणून उरली, असा तो समज. 'पूर्वीच्या डॉक्टरांच्या हाताला गुण होता' म्हणून हळहळणारेही वेगळे काही म्हणत नाहीत. तेही तिला मागे पडलेली गोष्टच मानतात. फरक एवढाच की त्यांना तिचे वाईट वाटते.

माझ्या मते हा समज उथळ आहे. यंत्र आणि तपासणी एकाच प्रश्नाची कमी-जास्त चांगली उत्तरे देत नाहीत. त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. रक्तात प्राणवायू किती पोहोचला, हे ऑक्सिमीटर सांगतो. तो पोहोचवायला शरीर किती झुंजते आहे, कशामुळे झुंजते आहे आणि आणखी किती वेळ झुंजू शकेल, हे तपासणी सांगते. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले, चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखले जाणारे वालूर घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात धाप लागलेला माणूस आला की खरा निर्णय एकच असतो: इथे ठेवायचे, की सेलूला, परभणीला हलवायचे? त्या निर्णयाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी लागते.

१. परिणाम आणि परिश्रम

निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब साधारण १०० मिलिमीटर पारा असतो. तो उतरत उतरत ६० वर आला तरी ऑक्सिमीटर ९० च्या आसपास दाखवत राहतो. हिमोग्लोबिन प्राणवायूला घट्ट धरून ठेवते म्हणून असे होते. दाब ६० च्या खाली गेला की मात्र आकडा भराभर कोसळतो. म्हणजे घसरणीचा पहिला मोठा टप्पा बोटावर जेमतेम दिसतो आणि दुसरा टप्पा आवरायला फार कमी वेळ हाती राहतो.

या पहिल्या टप्प्यात शरीर गप्प बसलेले नसते. श्वास मिनिटाला १६ वरून २४, ३० असा वाढतो. मानेचे स्नायू मदतीला येतात. गळपट्टीच्या हाडावरची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. माणूस आडवा होत नाही, हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसतो. आधी अख्खी वाक्ये बोलत होता, मग तीन-चार शब्दांवर येतो, मग नुसती मान हलवतो. चढावर गाडी पुढे सरकते आहे एवढेच पाहणाऱ्याला बैलाच्या तोंडाला आलेला फेस दिसत नाही. ९५ चा आकडा पाहून निर्धास्त होणाऱ्याचे तसेच होते.

परिश्रम न पाहण्याचा सर्वांत मोठा धोका शेवटी असतो. दम्याच्या झटक्यात मिनिटाला ३६ वेळा श्वास घेणारा माणूस तासाभराने १६ वर आला, तर तो सुधारला की थकला? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. जो सुधारला तो पाणी मागतो, घरच्यांशी बोलतो, त्याची मान सैल पडते. जो थकला तो पेंगुळतो, हाक मारली तर अर्धवट डोळे उघडतो, आणि छातीची शिट्टीसारखी सूं-सूं बंद झालेली असते. हवा आत-बाहेर जाणेच थांबत आले की आवाज करायलाही काही उरत नाही. शिकाऊ डॉक्टरला शांत छाती हे शुभलक्षण वाटते. दम्यात ते सगळ्यांत वाईट लक्षणांपैकी एक आहे. अशा वेळी नळीने ऑक्सिजन चालू असेल तर आकडा ९८ सुद्धा असू शकतो, कारण रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड ऑक्सिमीटर मोजतच नाही.

२. आकड्याला कारण नसते

समजा, एकाच दिवशी वालूरच्या आसपासच्या शिवारातून ९१ आकड्याचे चार रोगी आले. एकाला निमोनिया आहे. दुसरी चुलीच्या धुरात हयात घालवलेली आजी आहे. तिसऱ्याने कपाशीवर फवारणी करताना विष ओढले आहे. चौथ्याला विंचू चावला आहे. आकडा एक आणि उपचार चार. यंत्राच्या भरवशावर चौघांनाही सरसकट जोरात ऑक्सिजन लावला, तर पहिल्याचे भले होईल, आजीचे कदाचित नुकसान होईल आणि उरलेल्या दोघांचा खरा उपचार मागे पडेल.

आजीपासून पाहू. वर्षानुवर्षे फुप्फुसे खराब झालेल्या अशा रोग्यांत ८८ ते ९२ एवढाच पल्ला गाठायचा, असे आजचे शास्त्र सांगते. जास्त ऑक्सिजनने त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. तिच्यासाठी ९१ हा ठीकठाक आकडा आहे. शेजारच्या तरुणासाठी तोच धोक्याची घंटा आहे. कोण कोणत्या गटातले, हे ठरवायला विचारावे लागते, छातीचा पिंपासारखा आकार पाहावा लागतो, ओठ मुडपून सोडलेला लांब उच्छ्वास ओळखावा लागतो.

फवारणीच्या विषाचे उदाहरण तर या भागाला नवे नाही. २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषात तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि पाण्याने भरून खरखरणारी छाती हे चित्र दिसते. यावर ॲट्रोपिन देतात, ते किती द्यायचे याचे उत्तर कोणत्याही बाटलीवर छापलेले नसते. छातीची खरखर थांबेपर्यंत डोस वाढवत न्यायचा असतो. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडता घेतला आणि छाती ओलीच राहिली, तर माणूस स्वतःच्याच स्रावात बुडतो. इथे स्टेथोस्कोप हेच मोजमापाचे साधन आहे. तो दर काही मिनिटांनी पुन्हा लावणे हाच उपचाराचा भाग आहे.

विंचवाची गोष्ट तर मराठी वैद्यकाचा अभिमानाचा भाग आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेले रोगी कशाने मरतात, हे त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून पाहिले. गार पडलेले हातपाय, घाम, चढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला येणारा फेस, असा क्रम त्यांनी टिपून ठेवला. त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून त्यांनी मृत्यू झपाट्याने खाली आणले. अतिदक्षता विभाग हाताशी नसलेल्या केंद्रात हे शास्त्र घडले, आणि ते घडले ते क्रम लिहून ठेवल्यामुळे.

उलट बाजूही आहे: आकडा अगदी उत्तम आणि माणूस मरणाच्या वाटेवर. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. दाताची खूणही धड सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे घोगरे होते. ऑक्सिमीटर ९८ म्हणतो. अशा माणसाला खोल श्वास घेऊन एका दमात अंक मोजायला सांगावे. निरोगी माणूस तीस-चाळीसपर्यंत सहज जातो. पंधराच्या आत तो अडखळू लागला, उशीवरून मान उचलता येईनाशी झाली, तर श्वासाचे स्नायू लुळे पडत आहेत. सर्पदंशाचे प्रतिविष सुरू करून, सोबत हाताने श्वास देण्याचा फुगा आणि तो दाबणारा माणूस देऊन, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायची वेळ हीच. आकडा पडेपर्यंत थांबलो तर ती वेळ वाटेत, भर रस्त्यावर येते. मधुमेहाच्या आम्लतेत खोल, जलद श्वास घेणाऱ्या पोराची छातीही स्वच्छ असते आणि आकडाही उत्तम असतो. त्याचा श्वास मोजला नाही, तर त्याला 'घाबरलाय' म्हणून घरी पाठवले जाते.

३. गडचिरोलीचा दाखला

इथे कोणी म्हणेल, हे सगळे निष्णात डॉक्टरांचे काम झाले. गडचिरोलीतला दाखला याच्या अगदी उलट आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खेड्यांत बालकांच्या निमोनियाचा प्रयोग केला. निमोनिया ओळखायला ना एक्स-रे होता, ना स्टेथोस्कोप. कसोटी एकच: खोकणाऱ्या लेकराचा श्वास मिनिटाला किती? दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०, हे निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातून आज जगभर वापरले जातात. अडचण अशी की, हे काम शिकवलेल्या गावातल्या सुईणींतल्या अनेकींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यावर बंगांनी लाकडी पाटीवर श्वासमापक केला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्या लेकरांसाठी. पोटाकडे पाहत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर निमोनिया.

निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. प्रयोगाच्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे निमोनियाचे मृत्यू ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. निम्म्याहून कमी. उपचार होता स्वस्त, तोंडाने घ्यायचा अँटिबायोटिक.

या दाखल्यातून तीन गोष्टी निघतात. एक, रोग्याजवळची तपासणी शिकवता येते. त्यासाठी दैवी हात लागत नाही. दोन, ती शिकवण्याजोगी करायला मोजता येणारे नेमके लक्षण निवडावे लागते. तीन, लोकांकडे आधीपासून असलेले निरीक्षण वाया घालवायचे नसते. 'पोट उडतंय', 'डबा झालाय' असे आई सांगते, तेव्हा तिने श्वासाचा वेग आणि आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या डॉक्टरच्या आधी पाहिलेल्या असतात. तिच्या निरीक्षणात चूक नाही. 'डबा' झाला म्हणून पोटावर डाग देण्याचा रूढ उपाय चुकीचा आहे. निरीक्षण उचलावे, उपाय बदलावा.

४. 'हाताचा गुण' पुरेसा नाही

आता जुन्या काळाच्या चाहत्यांना न आवडणारी गोष्ट. तपासणीचा मोठेपणा सांगताना आपण तिला कला म्हणून मखरात बसवतो आणि तिथेच तिचा घात होतो. मखरातली गोष्ट तपासून कोण पाहणार?

१८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. पण तो थोर ठरला तो पुढच्या कामामुळे. ऐकलेला प्रत्येक आवाज त्याने लिहिला, रोगी दगावल्यावर शवविच्छेदनात फुप्फुस पाहिले, आणि आवाज व दोष यांची जोडी लावली. त्याचा १८१९ चा ग्रंथ हा अशा पडताळ्यांचा संग्रह आहे. आपण त्याची नळी घेतली आणि वही सोडून दिली.

त्याचा परिणाम कुठल्याही रुग्णालयातल्या नोंदी चाळल्या की दिसतो. नाडी ८८, ९४, १०२ अशी बदलते. श्वास मात्र जिकडेतिकडे १८ किंवा २०. इतक्या आजारी माणसांचे श्वास इतके एकसारखे नसतात. ते मोजलेले नसतात, भरलेले असतात. श्वासाचा वेग हे बिघाडाचे सर्वांत आधी बोलणारे लक्षण आहे, आणि सर्वांत जास्त खोटे लिहिले जाणारेही तेच.

म्हणून माझा आग्रह सगळ्या तपासणीसाठी सारखा नाही. बारीक आवाजांबद्दल दोन अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होईलच असे नाही. ओठ-जीभ निळी पडणे हे तर आपल्या भागात फसवे लक्षण आहे. निळेपणा दिसायला पुरेसे हिमोग्लोबिन लागते. पंडुरोगाने पांढऱ्या पडलेल्या बाईत प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरला तरी निळेपणा उमटत नाही. जिथे डोळा फसतो तिथे यंत्रालाच मान द्यावा. आग्रह धरावा तो मोजता येणाऱ्या, दुसऱ्याला पडताळता येणाऱ्या लक्षणांचा: श्वासाचा वेग, बोलण्याची लांबी, मानेच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंचे काम, शुद्ध.

५. आक्षेप आणि उत्तरे

*पहिला आक्षेप: कोरोनात उलटेच दिसले.* माणूस गप्पा मारत होता आणि ऑक्सिजन ८० होता. डोळ्यांना जे दिसले नाही ते बोटावरच्या यंत्राने पकडले. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. धाप 'जाणवणे' आणि श्वास 'वाढणे' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यातल्या अनेकांना धाप जाणवत नव्हती, तरी मोजला असता तर श्वास वाढलेला सापडला असता. सगळ्यांत सापडला असता असे नाही, म्हणून ऑक्सिमीटर हवाच. पण त्याच काळात आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणी आठवा. बसलेल्याचा आकडा पुरेसा नाही, चालवून पाहा, असे ती सांगत होती. परिश्रम दिला तेव्हाच आकडा खरे बोलला.

*दुसरा आक्षेप: यंत्र निष्पक्ष असते, माणूस नसतो.* यंत्रही तितके निष्पक्ष नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ठीक दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात प्राणवायू कमी असण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रोग्यांत सुमारे तिप्पट आढळले. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला गडद त्वचा अडचणीची ठरते. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या कातडीच्या माणसांच्या प्रदेशात हे विसरून चालणार नाही. गारठलेले हात आणि रंगवलेली नखे यांनी होणारी गडबड आणखी वेगळी.

*तिसरा आक्षेप: वेळ कुठे आहे?* बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत असते, हे खरे. पण प्रत्येकाचा श्वास मोजा असे कोणी म्हणत नाही. दम, ताप, खोकणारे लेकरू, विष, दंश, छातीत दुखणे एवढ्यांसाठी एक मिनिट. आणि ते डॉक्टरचेच मिनिट असावे लागत नाही. सिस्टर, आरोग्यसेवक, आशाताई कोणीही ते देऊ शकतात. उशिरा हलवलेल्या एका रोग्यापायी सगळ्या केंद्राचा अख्खा दिवस जातो. त्या हिशेबात हे मिनिट स्वस्त आहे.

*चौथा आक्षेप: ही खेड्यासाठी दुय्यम दर्जाची वैद्यकी झाली.* शहराला यंत्र आणि खेड्याला डोळे, अशी ही वाटणी असती तर आक्षेप योग्य ठरला असता. पण ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत २०१२ पासून वापरात असलेली, २०१७ मध्ये सुधारलेली, रोग्याचा बिघाड मोजणारी 'न्यूज' ही गुणपद्धती पाहा. तिथे श्वास २५ किंवा जास्त झाला की थेट तीन गुण, म्हणजे एका लक्षणाला मिळणारे जास्तीत जास्त. निमोनियाचा धोका ठरवायच्या 'कर्ब-६५' या निकषात पाच गोष्टी आहेत: शुद्ध, युरिया, श्वास, रक्तदाब, वय. यातला युरिया सोडला तर बाकी चार खाटेशेजारीच मिळतात. आणि प्रयोगशाळा नसलेल्या दवाखान्यांसाठी युरिया वगळूनच तो वापरतात. सर्व सोयी असलेली व्यवस्था जे सोडत नाही ते खेड्याने मागासलेले म्हणून का टाकावे?

६. वालूरमध्ये याचा अर्थ काय

या युक्तिवादातून निघणारे काम लहान आहे आणि म्हणूनच ते टाळायला सबब नाही.

पहिले, केस पेपरवर चार रकाने कायमचे हवेत. श्वास पूर्ण मिनिट मोजून किती. बोलणे वाक्यात, शब्दांत की नाहीच. मान आणि बरगड्या ओढल्या जातात का. शुद्ध कशी: सावध, बेचैन, पेंगुळलेली. ऑक्सिमीटरचा आकडा त्यांच्या पुढे, पण 'हवेवर' की 'ऑक्सिजनवर' हे लिहूनच. त्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे. लेकराचा श्वास आईच्या मांडीवर, ते शांत असताना मोजावा. रडताना किंवा पिताना मोजलेला धरू नये.

दुसरे, एकदा तपासणे म्हणजे तपासणे नव्हे. वाफ दिली, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिले, की ठराविक वेळाने तेच चार रकाने पुन्हा भरावेत. एका नोंदीतून स्थिती कळते, दोन नोंदींतून दिशा कळते, आणि हलवायचे की नाही हे दिशाच ठरवते.

तिसरे, या नोंदी रोग्याबरोबर प्रवास करायला हव्यात. १०८ च्या रुग्णवाहिकेत चढणाऱ्याच्या चिठ्ठीवर 'दम लागतो, पुढील उपचारासाठी' एवढेच असले, तर परभणीतल्या डॉक्टरला सगळे नव्याने सुरू करावे लागते. 'दहा वाजता २८, साडेदहाला ३६, आता पेंगुळतो' एवढी ओळ असली, तर तो रोगी दारातून थेट आत जातो.

चौथे, ही तपासणी गावापर्यंत न्यायला नवी फौज उभारावी लागत नाही. नवजात बाळांच्या गृहभेटींचा कार्यक्रम २०११ पासून देशभर आहे. गडचिरोलीच्या कामाचाच तो विस्तार आहे. बाळाचा श्वास मोजायला आशाताई तिथे शिकतेच. तिने मोजलेला आकडा केंद्रातल्या कागदावर तिच्या नावाने लिहिला गेला पाहिजे. लिहिला जात नाही तो आकडा हळूहळू मोजलाही जात नाही.

यंत्रे येऊ द्यावीत, जास्त आणि चांगली येऊ द्यावीत. पण जिल्ह्यात नवे यंत्र आले की फीत कापली जाते, फोटो निघतो; श्वास मोजला जातो की नुसता भरला जातो, हे कोणी विचारत नाही. दर महिन्याच्या बैठकीत दम लागलेल्या रोग्यांचे वीस केस पेपर काढावेत आणि श्वासाच्या रकान्यात किती वेगवेगळे आकडे आहेत ते पाहावे. वीसच्या वीस ठिकाणी १८ आणि २० असेल, तर त्या केंद्रात ऑक्सिमीटर कितीही असोत, रोगी कोणी तपासलेला नाही.